आक्काचा कडीचा तांब्या

आमच्या घरात पाण्यातला डोळ्यांना न दिसणारा जीवही मरू द्यायचा नाही अशी रीत होती, आणि त्याच घराच्या सोप्यात तंबाखूच्या पोत्यांची थप्पी आढ्याला टेकलेली असायची. या दोन गोष्टींचा मेळ कसा बसतो, असं मी मोठी झाल्यावर एकदा आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, विचारलं. ते गडगडून हसले आणि म्हणाले, "आपून खातोय व्हय तमाकू? इकतोय!" एवढं उत्तर त्यांना आयुष्यभर पुरलं. मला ते आजही पुरत नाही, पण आप्पांचं ते हसणं आठवलं की वाद घालायचं राहून जातं.

घर दूधगंगेच्या काठच्या एका खेड्यात होतं, सदलग्याहून बैलगाडीनं जरा पुढं. उजाडता उजाडता बस्तीतली, म्हणजे आमच्या जैन मंदिरातली, घंटा वाजायची. मग परसातल्या आडावरचा रहाट कुरकुरायचा आणि त्यापाठोपाठ आईच्या शिंका. तंबाखूचा खकाणा, ती नाकात जाणारी बारीक धूळ, तिला कधीच मानवला नाही. शिंकत शिंकतच ती भाकऱ्या थापायची आणि एकही भाकरी वाकडी व्हायची नाही. कांदा, लसूण, बटाटा यांना घरात मज्जाव. तरी हुलग्याचं माडगं, शेंगांची चटणी, कच्च्या केळ्याची भाजी असं जेवण मावळतीच्या आत उरकलं की बोटं चाटत उठावं लागे. सणाला खपली गव्हाची हुग्गी, म्हणजे गुळाची खीर, व्हायची, तिचा वास गल्लीच्या टोकाला जायचा. आईचं माहेर कन्नड मुलखातलं. लाड करायचे ते मराठीतून आणि रागवायचं ते कन्नडातून, अशी तिनं वाटणी केली होती. तिनं "सुम्नीर!" म्हटलं की मी, मांजर आणि प्रसंगी आप्पासुद्धा गप्प बसत.

या घराचं पाणी मात्र आक्काच्या ताब्यात. आक्का म्हणजे आप्पांची धाकटी बहीण, माझी आत्या. गाव तिला आक्का म्हणायचं म्हणून मीही आक्काच म्हणायचे. लग्न होऊन गेली आणि अंगावरची हळद निघायच्या आत विधवा होऊन परत आली. पांढरं लुगडं, ठसठशीत हाडं, आणि आवाज असा की नदीपलीकडचा गुराखी ओ देईल. मारक्या बैलाची शिंगं धरून तिनं त्याला मागं रेटलेलं मी पाहिलंय. चुलीमागं साप निघाला तर माणसं पळत सुटायची आणि आक्का त्याला सुपात घेऊन गप्पा मारत ओढ्यापर्यंत पोचवून यायची. भीती नावाची गोष्ट देवानं तिच्या वाट्याची काढून मला दिली असावी, असं आई म्हणायची.

कारण मी भित्री भागूबाई होते. बैलाला भ्यायचे, पाहुण्यांना भ्यायचे, कुणी "नाव काय गं बाळ?" म्हणालं तरी आईच्या मागं दडायचे. आणि सगळ्यांत जास्त भ्यायचे ते परसातल्या आडाला. आडात कधी कुणी पडलं नव्हतं, मला कुणी भुताखेताचं सांगितलं नव्हतं. लोकांना वाटतं, भीतीमागं काहीतरी घडलेलं असायलाच हवं. माझ्या भीतीमागं काहीही घडलेलं नव्हतं. कठड्यावरून वाकलं की पोटात खड्डा पडायचा, एवढंच. आत काळं पाणी, त्यात आभाळाचा वाटोळा तुकडा, आणि त्या तुकड्यात माझं इवलंसं डोकं. ते बघितलं की मला वाटायचं, ते खालचं डोकं मला बोलावतंय.

आणि आमच्या आडाशी संबंध आला नाही असा दिवस जायचा नाही. पाणी काढलं की ते जाड दुहेरी फडक्यातून गाळायचं. हंड्यात पडलं ते आपलं. पण फडक्यावर जे अडकलं, ते जीव. त्यांना असं वाऱ्यावर टाकायचं नाही. गाळलेल्याच पाण्याची धार सोडून फडकं एका भांड्यात धुवायचं आणि ते पाणी ज्या आडातलं त्याच आडात परत सोडायचं. तेही वरून भपकन ओतून नव्हे, नाहीतर वाचवलेले जीव आपटूनच मरायचे. त्यासाठी आक्काचा कडीचा तांब्या होता. त्याला दोन दोऱ्या होत्या, एक गळ्याला आणि एक बुडाच्या पितळी कडीला. गळ्याच्या दोरीवर तांब्या हळूहळू खाली न्यायचा, पाण्याला टेकला की कडीची दोरी अलगद ओढायची. तांब्या पालथा व्हायचा आणि जीव घरी जायचे. आक्का हे काम इतक्या मायेनं करायची की बघणाऱ्याला वाटावं, लेकीला सासरी पोचवतेय.

आईला एवढा दम नव्हता. आक्का बस्तीत गेली असली की ती कठड्यावरूनच पाणी फेकायची, आणि आक्का नेमकी तेवढ्यात दारात उभी.

"वैनी, तुला कुनी माडीवरनं फेकलं तर चालंल व्हय गं?"

"माझी भाकरी करपायली तिकडं! तुमच्या किड्यांस्नी पालखीत बसवून धाडू काय?"

मग दोघी दिवसभर बोलायच्या नाहीत आणि मावळतीला एकाच ताटात जेवायच्या. आक्काचा नियम ठरलेला होता: ज्या हातानं पाणी काढलं त्याच हातानं जीव परत सोडायचे. शास्त्रात असं कुठं आहे की नाही, मला ठाऊक नाही. पुढं एकदा एका पंडितजींना विचारलं तर ते नुसते हसले. पण आमच्या घरात आक्का म्हणेल ते शास्त्र. तिनं मला कितीदा तरी आडाजवळ ओढलं. "ये चंपे, दोरी धर. म्या धरल्याय तुला." मी भोकाड पसरायचे. शेवटी तिनं नाद सोडला.

आक्काची एक गोष्ट मात्र घरात फक्त मला माहीत होती. मी गावच्या शाळेत जायला लागले तशी ती दुपारी, आई कलंडली की, परातीत पीठ पसरून माझ्यासमोर ठेवायची. "आज काय शिकविलं बाईसाब तुमच्या मास्तरनं? काड बगू." मी पिठात 'ग' काढायचे. ती माझ्या 'ग'वरून बोट फिरवायची, एकदा, पुन्हा एकदा, ओठ घट्ट मिटून. कुणाची चाहूल लागली की झटकन हात फिरवून पीठ सारखं करायची आणि मोठ्यानं म्हणायची, "लई जाड दळलंय गं हे!" ज्या बाईनं साप सुपात उचलला ती परातीतल्या अक्षरासाठी एवढी दचकते, याचं मला नवल वाटायचं. ती भ्याली असेल असं मात्र कधी मनात आलं नाही.

गावची शाळा चौथीला संपली. माझीही तिथंच संपायची, पण बस्तीत एकदा बेळगावहून एक बाई आल्या. तिथं जैन मुलींसाठी आणि विधवा बायकांसाठी त्या वसतिगृह चालवायच्या. मुलींना शिकवा, असं त्या इतकं कळवळून बोलल्या की आप्पांचे डोळे भरून आले. आप्पांचा स्वभावच तसा, पटकन भरून येणारा. ते भर सभेत उठले आणि म्हणाले, "माझी पोरगी धाडतो!" घरी आल्यावर आईनं त्यांना जे काही ऐकवलं ते सगळं कन्नडात होतं. पण शब्द गेला तो गेला. माझं अन्न तुटलं. बेळगाव! जिथं प्रत्येक माणूस मला नाव विचारणार! मी आईच्या पदराला धरून फिरू लागले. शेवटी आक्का म्हणाली, "म्या येतो सोडायला. चार दिस ऱ्हाऊन, बूड टेकलं पोरीचं की म्हागारी येतो." आमच्याकडच्या बायका अशा 'येतो-जातो' बोलतात. आईला तिनं बजावलं, "तवर जिवास्नी तेवढं हळू सोड गं माझी बाई."

चिकोडीपर्यंत बैलगाडी आणि पुढं सर्व्हिस मोटार. आक्कानं घरच्या आडाचं पाणी गाळून कळशीत घेतलं होतं. पण गाळलेलं पाणी फार वेळ तसंच चालत नाही, पुन्हा गाळावं लागतं. म्हणजे वाटेत जिथं थांबू तिथं आक्का फडकं काढणार, गाळणार, आणि फडक्यावरचे जीव? ते घरच्या आडातले. त्यांना परक्या पाण्यात कसं सोडायचं? तिनं त्यांच्यासाठी फिरकीच्या झाकणाचा एक तांब्या वेगळा आणला होता. आप्पांनी कपाळाला हात लावला. आक्कानं तो तांब्या मांडीवर घेतला तो शेवटपर्यंत खाली ठेवला नाही.

संकेश्वरच्या पुढं मोटार तापली. ड्रायव्हरनं ओढ्यातून डबा भरून आणला आणि इंजिनात ओतायला झाकण काढलं. आक्का खिडकीतून ओरडली, "अरं ए बाबा, गाळून घाल की रं!"

"आक्का, ह्ये इंजानाचं प्वाट हाय. मानसाचं न्हवं."

"जीव तर जिवाचंच हैत न्हवं? वाफंत शिजत्यात त्ये!"

मोटारीतले लोक हसायला लागले. आप्पा दुसरीकडं बघू लागले, जणू ही बाई त्यांच्या गावचीच नव्हे. पण आक्का खाली उतरली आणि तिनं आपलं फडकं डब्याच्या तोंडावर धरलं. ड्रायव्हर बिचारा निमूटपणे त्यातून पाणी ओतत राहिला आणि वर म्हणाला, "आता काय, देऊळच झालं की मोटारीचं." फडक्यावरचे जीव आक्का स्वतः जाऊन ओढ्यात सोडून आली. मला लाज वाटत होती आणि अभिमानही वाटत होता. अशी बाई सोबत असली तर बेळगाव माझं काय वाकडं करणार, असं त्या क्षणी वाटलं.

बेळगावात आप्पांनी आधी खडेबाजारात नेऊन मला पाटी आणि परकराचं कापड घेऊन दिलं. इतकी माणसं, इतके टांगे, इतक्या भाषा एकदम! मी डोळे मिटून आक्काचा पदर धरला होता. वसतिगृह गल्लीच्या आत होतं, कौलारू, मधे अंगण, अंगणात आड. बाईंनी आमचं हसून स्वागत केलं. आक्कानं पहिल्यांदा स्वैपाकघरात जाऊन पाण्याचं फडकं तपासलं, दुहेरी आहे की एकेरी. दुहेरी होतं. मग तिचा चेहरा सैलावला.

ओसरीवर काही बायका बसल्या होत्या. पांढरी लुगडी, मांडीवर पाट्या. कुणी आक्काच्या वयाची, कुणी तिच्याहून थोरली. एकजण एकेक अक्षर जोडून मोठ्यानं वाचत होती, अडखळत होती, बाकीच्या हसत होत्या आणि तीही हसत होती. आक्का खांबाशी उभी राहिली ती राहिलीच. बाई तिच्याजवळ आल्या आणि सहज बोलावं तसं म्हणाल्या, "तुम्हीपण राहा की. पोरगीला सोबत होईल. वाचायला शिकाल, पुढं मास्तरीण व्हाल. आमच्यातल्या दोघी झाल्या."

आक्का हसली. "म्या? ह्या वयात?" पण ते तिचं नेहमीचं हसणं नव्हतं. मी तिच्या हातातल्या तांब्याकडं पाहिलं. तांब्याचं झाकण घट्टच होतं. तरी आक्काचा हात ते पुन्हा पुन्हा आवळत होता. बैलाची शिंगं धरणारा तो हात!

"राहा, राहा," आप्पा म्हणाले. त्यांचे डोळे भरून यायला सुरुवात झालीच होती. "घरचं आमी बगतो."

"आन् ह्ये?" आक्कानं तांब्या पुढं केला. "ह्यास्नी घरला कोन न्हेनार?"

"इथल्या आडात सोडा," बाई म्हणाल्या. "काही होत नाही."

"आसं कसं? त्ये दूधगंगंच्या काठचं. हितलं पानी कसलं, कुनाला ठावं."

"मी नेतो गं," आप्पा म्हणाले.

"तू? दादा, तू बोलत बसशील आन् मोटारीत इसरून येशील. आन् वैनी वरनं फेकून मोकळी. न्हाय न्हाय. ज्यानं काडलं त्यानं सोडायचं. म्याच जातो. उद्याच जातो."

ती हे इतकं भरभर बोलली की मला सगळं उमगलं. परातीतलं पीठ सारखं करताना ती अशीच बोलायची. आक्काला राहायचं होतं. जगात कशासाठी नसेल एवढं तिला त्या ओसरीवर पाटी घेऊन बसायचं होतं. आणि ती भ्याली होती, मी आडाला भ्यायचे तशीच, काही न घडता, नुसतं वाकून बघूनच. ती उद्या गेली असती तर परत कधीच आली नसती. आणि तांब्यातल्या त्या जिवांनी तिला आयतं कारण दिलं होतं.

मला बोलायचं नव्हतं. अनोळखी बाई समोर, अंगणभर बायका बघतायत. पण शब्द आले. "मी नेते," मी म्हणाले. "आणि मीच सोडते. कडीच्या तांब्यानं."

आक्का माझ्याकडं बघत राहिली. "तू? आडात वाकनार?"

"व्हय. मग तू ऱ्हाशील?"

तिनं तांब्याचं झाकण एकदा शेवटचं आवळलं आणि तो माझ्या हातात दिला. "हिंदळू नगंस," एवढंच म्हणाली आणि तोंड फिरवलं.

परतीच्या वाटेवर मी तांब्या मांडीवर घट्ट धरून बसले होते. खरं सांगायचं तर मनातून मी सुखावलेही होते. घरी निघाले होते ना! आप्पा मऊ माणूस. चिकोडीजवळ आल्यावर म्हणाले, "चंपे, तुला नसंल जायाचं म्हागारी तर नगं जाऊस. आक्का ऱ्हायली, माजा शबुद ऱ्हायला." म्हणजे दार उघडं होतं. मी तांब्या सोडायचा आणि आईच्या कुशीत शिरायचं. मला अडवणारं कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई आणि आप्पा माझ्यामागं परसात आले. मी फिरकीच्या तांब्यातलं पाणी कडीच्या तांब्यात ओतलं आणि कठड्याशी गेले. आप्पा म्हणाले, "मी धरू काय?" मी नको म्हटलं. वाकले. खाली तेच काळं पाणी, तोच आभाळाचा तुकडा, तेच डोकं. भीती काडीनंही कमी झाली नव्हती, हे मी मुद्दाम लिहितेय. लोक मला विचारतात, तुमची भीती कधी गेली? ती गेलीच नाही. आजही उंच इमारतीच्या गॅलरीत मी भिंतीला धरून चालते आणि नाती हसतात. त्या सकाळी एवढंच झालं की माझ्या हातात दुसऱ्या कुणाचं तरी काम होतं, आणि भिऊन हात आखडला असता तर ते सांडलं असतं.

दोरी हातातून सरकत गेली. हळू, आणखी हळू. तांब्या पाण्याला टेकला तेव्हा खालचं माझं डोकं हललं, विस्कटलं आणि नाहीसं झालं. मी कडीची दोरी ओढली. हाताला एकदम हलकं लागलं. "जावा," मी म्हणाले, आक्का म्हणायची तसं.

आई पुढं आली आणि माझ्या हातातून दोरी घेतली. "हळू सोडायला येतंय म्हणायचं मान्साला," ती पुटपुटली. "सांग तुज्या आक्काला. उद्यापासनं मी आशीच सोडीन. भाकरी करपली तर करपू दे." हे ती मराठीत म्हणाली. आणि मग तिनं मला पोटाशी घेतलं. मी तिच्या लुगड्यात तोंड खुपसून तंबाखूचा आणि भाकरीचा वास पोटभर घेतला. तिथंच राहावं असं वाटत होतं, अगदी आतून वाटत होतं. पण डोळ्यांपुढं येत होता तो ओसरीवरचा खांब आणि त्याला टेकून एकटीच उभी असलेली आक्का.

"आप्पा," मी म्हणाले, "गाडी कधी जुंपायची?"

आता माझ्या स्वैपाकघरात भिंतीवर पाणी गाळायचं यंत्र आहे. बटण दाबलं की गुरगुरतं आणि शुद्ध पाणी देतं. त्यात जे अडकतं त्याचं पुढं काय होतं, असं मी ते बसवायला आलेल्या मुलाला विचारलं. तो म्हणाला, "आजी, ते मरतंय." त्याला वाटलं, मला बरं वाटेल. मी मुलींच्या शाळेत शिकवण्यात जन्म काढला, रडत आलेल्या कितीतरी पोरी पाहिल्या. त्यांना धीर धरा असं मी कधी सांगितलं नाही. हातात काहीतरी द्यायचे. घंटेचा हातोडा, फुलांची परडी, नाहीतर तिच्याहून लहान असलेल्या एखाद्या पोरीचं बोट.

त्या खेपेला आप्पा आणि मी पुन्हा बेळगावला पोचलो तेव्हा दुपार कलली होती. आक्का वसतिगृहाच्या दारातच उभी होती. मला खरंच आलेली बघून ती पायरी उतरून पुढं आली. तिच्या कपाळावर, गालांवर, सगळीकडं पेन्सिलीची पांढरी बोटं उमटली होती.

"हळू सोडलंस न्हवं?"

"हळूच सोडलं."

"पालथा झाल्याला कळलं?"

"कळलं. दोरी हलकी झाली."

तिनं डोळे पुसले. मग इकडंतिकडं बघितलं, आणि यावेळी पाटी लपवली नाही. सरळ माझ्यापुढं धरली.

"चल आत," ती म्हणाली. "ह्यो 'ज्ञ' काय माज्या बापाला येत न्हाय. लई येळ झाला, वाट बगतोय तुजी."